साडेबारा टक्क्यांपलीकडचं भांडवल

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याहून तुर्भ्याकडे निघालं की डाव्या हाताला एमआयडीसीचा पट्टा लागतो. रसायनं, रंग, औषधं, इंजिनिअरिंगचे सुटे भाग बनवणारे कारखाने इथे एकेकाळी एकाला एक लागून होते. त्यांतले बरेच बंद पडले आणि त्यांच्या जागेवर आयटी पार्क, डेटा सेंटर आली. जमीन तीच, खाडी तीच, पारसिकचा डोंगरही तोच. बदललं ते काम. दहावीनंतर आयटीआय करून फिटर म्हणून चिकटलेला माणूस जुन्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत टिकायचा. आता त्याच फाटकातून दोन रांगा आत जातात. एक गळ्यात कार्ड अडकवलेल्यांची, दुसरी त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्यांची, फरशी पुसणाऱ्यांची, कॅन्टीनमध्ये ताटं मांडणाऱ्यांची. दोन्ही रांगांतले लोक कधी कधी नवी मुंबईच्या एकाच नोडमध्ये, म्हणजे एकाच उपनगरात, वाढलेले असतात.

फरक कुठे पडला असं विचारलं तर कोणीही म्हणेल, शिक्षणात. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं समजून घ्यायला नवी मुंबईइतकी चांगली जागा नाही, कारण भांडवल हातातून जाणं म्हणजे काय हे या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांचा परिसर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, नव्या शहरासाठी ठरवला गेला. भातशेती गेली, मिठागरं गेली. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात शेतकरी मेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तो भूखंड मिळाल्यावर प्रत्येक घराची गोष्ट वेगळी झाली. कोणी इमारत बांधून भाडं खाल्लं, कोणी बिल्डरला दिला, कुठे चार भावांत वाटणी होऊन हाती काही उरलं नाही. कोणी त्या पैशातून पोरीला डॉक्टर केलं.

विद्या चोराला नेता येत नाही, राजाला घेता येत नाही आणि भावांत वाटावी लागत नाही, असं एक सुभाषित शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. नवी मुंबईत त्यातल्या दुसऱ्या कलमाला भूसंपादन म्हणतात. सुभाषित अचूक आहे, फक्त सुभाषितकाराने एक चोर यादीतून गाळला. तो म्हणजे आजारपण. अशक्त मुलाच्या डोक्यात विद्या नीट शिरत नाही, आणि शिरली तरी पन्नाशीआधी माणूस गेला तर ती त्याच्याबरोबरच जाते.

माणसाच्या डोक्यात आणि शरीरात साठलेल्या या ऐवजाला अर्थशास्त्रात मानवी भांडवल म्हणतात. ज्ञान, हातातलं कौशल्य, अनुभव, आणि रोज कामावर उभं राहण्याची ताकद, असं सगळं त्यात येतं. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी शेती-अर्थतज्ज्ञाने १९६० मध्ये एका अध्यक्षीय भाषणात हा विचार ठामपणे मांडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानचे कारखाने बेचिराख झाले होते, तरी ते देश अपेक्षेपेक्षा फार लवकर सावरले. यंत्रं गेली होती, यंत्रं बनवायला येणारी माणसं उरली होती. शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्याकडे मात्र हा मुद्दा त्याहून बराच जुना आहे, आणि तो विद्यापीठातून आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांचा युक्तिवाद सरळ हिशोबाचा होता: सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. पुढच्याच वर्षी ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. पैसा कोणावर आणि कोणत्या वयात खर्च करायचा, हा वाद तेव्हाही होता आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात आजही आहे.

आता हिशोबाकडे येऊ. जागतिक बँकेने २०१८ मध्ये मानवी भांडवल निर्देशांक काढला आणि २०२० मध्ये तो सुधारला. तो एकच प्रश्न विचारतो: आज जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईल तेव्हा, त्याला पूर्ण शिक्षण आणि पूर्ण आरोग्य मिळालं असतं तर ते जितकं उत्पादक झालं असतं, त्याच्या किती भागापर्यंत पोहोचेल? २०२० च्या आकड्यांनुसार भारताचं उत्तर ०.४९. म्हणजे निम्म्याहून थोडं कमी. सिंगापूरचं ०.८८.

हा आकडा कसा येतो ते पाहण्यासारखं आहे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. त्यात तीन तुकडे आहेत. पहिला तुकडा जगण्याचा: भारतात जन्मलेल्या १०० मुलांपैकी ९६ पाच वर्षांची होतात, म्हणून ०.९६. दुसरा तुकडा शाळेचा. आपलं मूल सरासरी ११.१ वर्षं शाळेत काढेल असा अंदाज आहे, आदर्श १४ वर्षांचा. पण शाळेत काढलेलं वर्ष आणि शिकलेलं वर्ष यांत फरक असतो. परीक्षांमधल्या गुणांची एक समान पट्टी धरली, जिच्यात ६२५ म्हणजे उत्तम आणि ३०० म्हणजे अगदी जेमतेम, तर भारताचे गुण ३९९ येतात. ६२५ पैकी ३९९ ही कात्री लावली की ११.१ वर्षांची ७.१ वर्षं उरतात. चार वर्षं बाकावर बसण्यात गेली. शिकण्याच्या दर वर्षाने कमाईची क्षमता साधारण ८ टक्क्यांनी वाढते असं सूत्रात धरलंय, आणि त्या हिशोबाने शाळेचा तुकडा ०.५७६ येतो. तिसरा तुकडा आरोग्याचा: १०० पैकी ६५ मुलांची उंची वयाला साजेशी आहे, आणि पंधरा वर्षांच्या १०० मुलांपैकी ८३ जण साठी गाठतात. त्यातून ०.८९.

तिन्हींचा गुणाकार करा. ०.९६ गुणिले ०.५७६ गुणिले ०.८९. उत्तर ०.४९.

तुकड्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बेरजेत एका विषयात नापास झालेला मुलगा दुसऱ्या विषयाच्या गुणांवर सरासरीत निभावून जातो. गुणाकारात ते जमत नाही. शाळा कितीही चांगली करा, आरोग्याचा तुकडा खाली असेल तर तो शाळेच्या फायद्यालाही खाली ओढतो. म्हणूनच शिक्षण खातं आणि आरोग्य खातं असे दोन वेगळे कप्पे फाईलींसाठी ठीक आहेत, मुलासाठी नाहीत.

हेच सूत्र घेऊन कॅल्क्युलेटरवर थोडी खटपट करून पाहा. समजा, शिकवण्याचा दर्जा आहे तोच ठेवला आणि सगळ्या मुलांना ११ ऐवजी पूर्ण १४ वर्षं शाळेत बसवलं. निर्देशांक ०.५७ पर्यंत चढतो. आता उलटं करा. वर्षं ११.१ च ठेवा, एकही नवी शाळा, एकही नवा वर्ग नको, पण मुलं त्या अकरा वर्षांत जे शिकायला हवं ते खरंच शिकली असं धरा. निर्देशांक ०.६८ च्या आसपास जातो. पहिल्या उपायात इमारती बांधायच्या असतात, उद्घाटनाची कोनशिला लावता येते. दुसऱ्यात शिक्षकाने तिसरीच्या वर्गात कोणाला वाचता येत नाही हे शोधून त्या चार-पाच पोरांबरोबर बसायचं असतं. त्याची कोनशिला लागत नाही.

या निर्देशांकावर आक्षेपही आहेत. २०१८ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तो जाहीरपणे नाकारला होता. भारताचे गुण २००९ मध्ये फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशात झालेल्या चाचणीवरून घेतले आहेत, हा त्यातला एक मुद्दा होता, आणि तो रास्तच होता. दोन राज्यांवरून देश मोजायचा आणि तोही जुन्या परीक्षेवरून, हे कच्चंच काम. पण म्हणून मुलं वाचायला शिकतायत असं सिद्ध होत नाही. 'असर' नावाचा सर्व्हे ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांच्या हातात साधा परिच्छेद देतो. २०२४ च्या फेरीत सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. यात जागतिक बँकेचं सूत्र कुठेही नाही. मुलाच्या हातात कागद दिला, त्याला वाचता आलं किंवा नाही आलं.

आता आरोग्याच्या तुकड्याकडे नीट बघू, कारण तो दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सूत्रात खुजेपण पूर्ण शून्यावर आणलं तरी निर्देशांक ०.४९ वरून जेमतेम ०.५२ होतो. मग त्याचं एवढं कौतुक कशाला? तर सूत्र उंची एका कप्प्यात ठेवतं आणि शिकणं दुसऱ्या कप्प्यात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच पोराच्या अंगात असतात. वयाच्या मानाने उंची कमी राहणं हे नुसतं उंचीचं दुखणं नसतं. शरीराला दीर्घकाळ पुरेसं मिळालं नाही की हाडं थांबतात, आणि त्याच काळात मेंदूची बांधणीही चालू असते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण हजार दिवस त्यासाठी निर्णायक मानले जातात. त्यानंतर खायला घातलं तर मूल जाडजूड होईल, पण हुकलेलं सगळं भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली. देशाचा आकडा ३५.५. म्हणजे आपण प्रगत राज्य म्हणून मिरवतो आणि या बाबतीत देशाच्या सरासरीलाच चिकटून आहोत.

ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना प्रथिनं असलेली पेज दिली गेली, दोन गावांतल्यांना प्रथिनं नसलेलं गोड सरबत. मुलं मोठी झाल्यावर संशोधक परत गेले. दोन वर्षांच्या आत ती पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त भरली. तिसऱ्या वर्षानंतर ज्यांना पेज मिळाली त्यांच्यात हा फायदा दिसला नाही. स्त्रियांच्या कमाईतही दिसला नाही, कारण पगारी कामाच्या वाटाच त्यांच्यासाठी अरुंद होत्या. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

केनियात १९९८ पासून काही शाळांतल्या मुलांना जंताच्या गोळ्या देण्यात आल्या. गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं तेव्हा दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळालेल्यांची तासाची कमाई १३ टक्क्यांनी जास्त होती. या अभ्यासावर संशोधकांमध्ये पुढे बरीच जुंपली, आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली गेली, हेही सांगायला हवं. पण जंतनाशक गोळी इतकी स्वस्त आहे की फायदा त्याच्या निम्मा निघाला तरी सौदा फायद्याचाच. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिवस पाळतात, शाळा-अंगणवाडीत बाई समोर उभं राहून गोळी चावून खायला लावतात. आरोग्य खात्याच्या त्या गोळीवरचा खर्च खरं तर शिक्षण खात्याच्या पानावर लिहायला हरकत नाही.

आणि पाण्याचं काय? सारखी हगवण लागणाऱ्या मुलाच्या पोटात अन्न जातं, अंगी लागत नाही. आतड्याचं अस्तर बिघडतं आणि कुपोषण भरल्या ताटावरही होतं. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं करून घेतलं, त्याचं कौतुक बहुतेकदा पाणीकपात टळण्याच्या अंगाने होतं. मी ते धरण राज्यातल्या मोठ्या शैक्षणिक गुंतवणुकींत मोजेन. त्याच न्यायाने शहापूरची गोष्ट उलटी वाचावी लागते. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

ठाणे जिल्हा म्हटलं की घोडबंदरचे टॉवर डोळ्यांपुढे येतात, पण शहापूर-मुरबाडचे पाडेही याच जिल्ह्यात आहेत. दिवाळीनंतर तिथली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाई असेल तर तिच्या लोहाच्या गोळ्या, वजनं, तपासण्या गावातल्या रजिस्टरमध्ये अर्धवट राहतात. मूल दीड वर्षाचं असेल तर त्याचा घरपोच आहार ज्या अंगणवाडीत येतो तिथे मूल नसतं, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचं नाव नसतं. मोठं भावंड भट्टीवर त्या बाळाला सांभाळतं, म्हणजे त्याची शाळाही बुडते. एका स्थलांतरात हजार दिवसांतले दोनशे दिवस आणि शाळेचं एक सत्र, दोन्ही एकदम जातात. गुणाकाराचं सूत्र समजायला इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं सापडणार नाही.

उलट बाजूचं उदाहरणही ठाण्यातच आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी मिळून ती उभी केली. सिग्नलला गजरे, खेळणी विकणारी पुलाखालची मुलं कंटेनरच्या वर्गात बसू लागली. मला त्यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट फळ्यावरची वाटत नाही. मुलांची आंघोळ, खाणं, तपासणी हे तिथे शाळेच्या कामाचाच भाग धरलं गेलं. ज्याला खरूज झालीय आणि जो सकाळपासून उपाशी आहे तो बाराखडी गिरवणार नाही, हे त्या शिक्षकांना जागतिक बँकेने सांगावं लागलं नाही.

शाळा नुसती जवळ आणली तरी फरक पडतो, हे इंडोनेशियाने दाखवलं. १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत, तेलाच्या पैशावर, तिथे ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी पुढे हिशोब मांडला: ज्या भागांत जास्त शाळा झाल्या तिथल्या मुलांचं शिक्षण वाढलं आणि मोठेपणी त्यांची मजुरीही वाढली. आपला तो टप्पा बराचसा पार पडला आहे. आता अडलंय ते वर्गाच्या आत. त्यावरही उपाय अवाच्या सवा महाग नाही. मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या: त्याच वस्तीतली, थोडंफार शिकलेली मुलगी, जी मागे पडलेल्या पंधरा-वीस पोरांना दिवसातले दोनेक तास वेगळं बसवून अक्षरं आणि अंक पक्के करून घ्यायची. मुंबई आणि बडोद्यात त्याची नीट चाचणी झाली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. महागडी उपकरणं लागली नाहीत. मूल कुठल्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला काय येतं हे बघून शिकवलं, एवढंच.

आरोग्य आणि शिक्षण यांच्यातला धागा कधी कधी अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. श्रीलंकेत १९४६ ते १९५३ या सात वर्षांत बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. दवाखाने, सुईणी, रुग्णवाहिका, हिवतापाचा बंदोबस्त, बरंच काही एकदम झालं. त्यानंतर मुलींचं शिक्षण मुलांच्या तुलनेत वाढू लागलं. शाळांत मुलींसाठी काही खास केलं म्हणून ते झालं नाही. पोरगी बाळंतपणातच जाईल ही भीती कमी झाली आणि तिच्या शिक्षणावर पैसे घालणं आईबापांना परवडणारं वाटू लागलं. हिशोब क्रूर आहे, पण घरोघरी तो न बोलता होतच असतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दुपारच्या तासाला डोळे मिटणाऱ्या नववीतल्या मुलीला आपण आळशी म्हणून मोकळे होतो.

मग या सगळ्यात सरकारने का पडावं? घरच्यांनी आपापलं बघावं, असं म्हणणारे आमच्या सोसायटीतही आहेत. उत्तर बँकेत मिळतं. घणसोलीतल्या वन बीएचकेवर कर्ज मिळतं, कारण हप्ता थकला तर बँक फ्लॅट जप्त करते. इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्जही मिळतं. पण दोन वर्षांच्या पोराला रोज एक अंडं मिळावं म्हणून कुठली बँक कर्ज देते? मूल तारण ठेवता येत नाही आणि परतफेड वीस वर्षांनी सुरू होते. म्हणजे परतावा सर्वांत जास्त ज्या वयात, त्याच वयात पैसा उभा करणं गरीब घराला सर्वांत अवघड. शिवाय फायदा त्या एकट्या घराचा नसतो. शिकलेली आई शेजारणीलाही लसीकरणाला घेऊन जाते, कुशल कामगारामुळे अख्खा कारखाना टिकतो, कर भरला जातो. ज्याचा फायदा गावाला होतो त्यात एकटं घर पुरेसा पैसा घालत नाही, घालू शकत नाही.

सरकारांना हे माहीत नाही असं नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या काळात आपण तिथे पोहोचलो नाही. आरोग्यासाठी २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं. २०२१-२२ मध्ये तो खर्च १.८४ टक्के होता, आणि ते कोविडचं वर्ष होतं. एक गोष्ट मात्र सुधारली आहे. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. हा आकडा शिक्षणासाठीही मोलाचा आहे. माथाडी कामगाराच्या घरात वडिलांचं ऑपरेशन निघालं की पहिली कात्री कुठे लागते हे वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात कोणालाही विचारा. मोठ्या मुलाचं कॉलेज. दवाखान्याचं बिल आणि फीची पावती एकाच डब्यातून निघतात.

भांडवल तयार करून ते वापरलंच नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. ग्वाटेमालातल्या बायकांचं तेच झालं. आपल्याकडे बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या, दहा-दहा वर्षं पगारी कामापासून लांब असलेल्या बायका ऐरोलीपासून नेरुळपर्यंत प्रत्येक इमारतीत आहेत. पाळणाघर परवडत नाही, सासूबाईंचं आजारपण, ऑफिसातून घरी यायला रात्रीचे आठ. जागतिक बँकेनेही २०२० मध्ये हे मान्य करून, भांडवल किती वापरात आहे हे धरणारी वेगळी मोजणी दिली. त्या अर्थाने पाळणाघर आणि रात्री सुरक्षित धावणारी बस हासुद्धा शिक्षणावरचाच खर्च, कारण त्यांच्याशिवाय आधी केलेला खर्च पडून राहतो.

आणि माणसाला भांडवल म्हणून मोजण्याची एक हद्दही आहे. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसतात. निर्देशांकाच्या भाषेत त्यांच्या शिक्षणाचा परतावा जवळपास शून्य. अमर्त्य सेन यांनी याच जागी बोट ठेवलं होतं: शिक्षण आणि आरोग्य कमाई वाढवतात म्हणून मोलाचे आहेतच, पण अंगठ्याऐवजी सही करता येणं, नातवाचं पुस्तक वाचता येणं हे कमाईत बसत नसलं तरी आयुष्यात बसतं. मला सेन यांचं म्हणणं पटतं. तरीही अंदाजपत्रकाच्या भांडणात मी जागतिक बँकेचा आकडाच हातात घेऊन जाईन, कारण समोरचा माणूस रुपयांत बोलत असतो.

हे भांडण दूर दिल्लीतलं नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळा, नागरी आरोग्य केंद्रं, प्रसूतिगृहं, नळाचं पाणी, सगळं आपल्या पालिकेच्या कागदावर असतं; अंगणवाडी राज्याच्या खात्याची असली तरी तिला जागा शहरातच लागते, आणि ती बऱ्याचदा भाड्याच्या एका खोलीत भरते. एप्रिलच्या आधी अंदाजपत्रक येतं तेव्हा शिक्षण, आरोग्य, महिला-बालकल्याण आणि पाणीपुरवठा ही चार पानं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. मग नगरसेवकाला विचारावं की आपल्या प्रभागातल्या दोन वर्षांखालच्या किती मुलांची उंची या महिन्यात मोजली गेली, आणि पालिकेच्या शाळेतल्या तिसरीच्या किती मुलांना न अडखळता गोष्ट वाचता येते. किती टॅब वाटले आणि किती वर्ग डिजिटल झाले, असं उत्तर आलं तर ते वहीत लिहून घ्यावं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.